तार चढली की उतरली?

वाचकांचे प्रश्न : इलेक्ट्रिक गिटार

गणपतीचे कार्यक्रम तोंडावर आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूरही एकच होतो. यंदा त्यातली निम्मीअधिक पत्रं लॉकिंग ट्रेमोलोबद्दल आहेत. लॉकिंग ट्रेमोलो म्हणजे तारा नटवर (मानेच्या टोकाशी) आणि सॅडलवर (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) अशा दोन्ही टोकांना आवळून धरणारा, स्प्रिंगांवर तरंगणारा ब्रिज. त्याला जोडलेला दांडा म्हणजे बार; तो दाबला की सगळ्या तारा सैल पडतात, वर ओढला की ताणल्या जातात. मूळ फ्लॉइड रोझ या नावाचा असो की त्याच्या परवान्यावर बनलेला, दुखणी सारखीच. उत्तरांत ‘सेंट’ हा शब्द वारंवार येईल. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले की त्यातला एक सेंट. कुठल्याही क्रोमॅटिक ट्यूनरवर तो दिसतो. ‘नऊ-बेचाळीस’ म्हणजे सगळ्यांत बारीक तार ०.००९ इंच आणि सगळ्यांत जाड ०.०४२ इंच असलेला संच; बाकीचे आकडेही तसेच वाचा.

प्रश्न : नऊ-बेचाळीसचा नवा संच चढवला आहे, लॉकिंग नट घट्ट आवळला आहे. तरी बार एकदा पूर्ण खाली दाबून सोडला की गिटार बेसूर. दुरुस्तीवाल्याने सहाही ट्यूनिंग की बदलायला सांगितल्या आहेत. बदलू का? (कोपरखैरणे)

नका बदलू. नट आवळल्यानंतर तार वाजते ती नटपासून सॅडलपर्यंत. ट्यूनिंग की त्या हद्दीच्या बाहेर आहेत. की बदलल्याने फरक पडलाच, तर त्यातून एवढंच सिद्ध होईल की तुमचा नट तार धरत नाही.

काही उघडण्याआधी वही-पेन्सिल घ्या. नव्या तारा ताणून घेतलेल्या नसतील तर पुढची सगळी मोजमापं फुकट जातील, म्हणून आधी नट उघडा ठेवून प्रत्येक तार बाराव्या फ्रेटजवळ बोटाने उचलून ओढा, जुळवा, पुन्हा ओढा. तार उतरायची थांबेपर्यंत हे तीन-चारदा करावं लागतं. मग ब्रिजवरचे सहाही फाइन ट्यूनर मधोमध आणा, कीवर सूर लावा, नट आवळा आणि उरलेला फरक फाइन ट्यूनरने काढा. तंबोऱ्यात खुंटीने जवळपास आणून शेवटचा केसभर फरक मण्याने काढतात, तेच इथे करायचं आहे.

आता बार तारा लोंबेपर्यंत खाली दाबा आणि हलकेच सोडा. झटका देऊ नका. सहाही तारा ट्यूनरवर पाहून किती सेंट चढल्या किंवा उतरल्या ते लिहा. पुन्हा जुळवा. या वेळी बार जमेल तेवढा वर ओढा, सोडा, लिहा. दोन्ही चाचण्या तीन-तीनदा करा. कुठली तार हलली आणि कुठल्या दिशेला हलली, या दोन गोष्टींवरून दोषाची जागा सापडते.

एखादी तार, किंवा शेजारच्या दोन तारा, बार खाली दाबल्यावर चढत असतील आणि वर ओढल्यावर उतरत असतील तर दोष नटमध्ये आहे. बार खाली गेला की वाजणारा भाग ढिला पडतो, पण नटच्या मागचा कीपर्यंतचा तुकडा ताणलेलाच असतो. चिमटा ढिला असेल तर तो तुकडा तार आपल्याकडे खेचून घेतो. बार जागेवर आला की वाजणाऱ्या भागात तेवढी तार कमी पडलेली असते, म्हणून ती चढते. वर ओढताना नेमकं उलट. बहुतेक नटांवर तीन पट्ट्या असतात आणि प्रत्येकीखाली दोन तारा. त्यामुळे दोन तारांची जोडी एकत्र हलली तर त्या पट्टीवर बोट ठेवायला हरकत नाही.

तार दर वेळी फक्त उतरतच असेल, मग बार खाली जावो की वर, तर ती सॅडलच्या चिमट्यातून निसटते आहे.

सहाही तारा एका दिशेने हलल्या, म्हणजे खाली दाबल्यावर सगळ्या उतरलेल्या आणि वर ओढल्यावर सगळ्या चढलेल्या, तर ब्रिज मूळ जागी परतत नाही. हा दोष ब्रिजच्या टेकूचा, त्याबद्दल पुढच्या उत्तरात. आणि बारला हात न लावताही संध्याकाळपर्यंत सगळ्या तारा सरकत असतील तर हवा, मान किंवा मागच्या पोकळीतले स्प्रिंगांचे स्क्रू पाहायचे.

इथे एक फसवणूक होते. ब्रिज तरंगता असल्याने एक तार निसटून उतरली की एकूण ताण घटतो, स्प्रिंगा ब्रिजला थोडा मागे ओढतात आणि उरलेल्या पाच तारा थोड्याथोड्या चढतात. वहीत पाच तारा ‘चढल्या’ दिसतात आणि माणूस त्या पाचांच्या मागे लागतो. दोषी असते ती सहावी, उलट दिशेला आणि सगळ्यांत जास्त हललेली.

नटवर संशय असेल तर खात्री करायला अर्धं मिनिट पुरतं. तार छेडा, ट्यूनरकडे पाहत नट आणि की यांच्यामधल्या तुकड्यावर बोटाने दाब द्या. काटा हलला तर चिमटा धरत नाही. दुसरा उपाय बारीक मार्करचा : नटच्या पुढच्या कडेला तारेवर ठिपका द्या, पाच-सहा वेळा बार चालवा. ठिपका कडेपासून सरकला तर तार सरकली.

मग पट्ट्या काढून उलट्या करून पाहा. तारांनी खोल चर पाडले असतील तर जाड तारेच्या चरात बारीक तार नीट धरली जात नाही. पट्टीची बाजू फिरवून सपाट भाग तारेवर येत असेल तर काही काळ काम भागतं, नाहीतर पट्ट्या नव्या घ्या. नटच्या मागे तारांवर आडवी दांडी असते. ती दांडी तारांना नटच्या उतारावर टेकवून ठेवते. ती वर राहिली असेल तर पट्टी आवळताना तारा खाली दबतात आणि दर वेळी सूर चढतो. अशा वेळी दांडीचे दोन्ही स्क्रू आवळा, तारा उतारावर टेकेपर्यंत. शेवटी नट स्वतः हलतो का पाहा. काही गिटारांत तो मानेच्या मागून आरपार आलेल्या दोन बोल्टवर असतो, काहींत वरून लाकडात गेलेल्या स्क्रूंवर. हे सैल झाले तर पट्ट्या कितीही आवळा, उपयोग नाही.

पट्ट्या आवळताना ३ मि.मी. ॲलन कीची लांब बाजू स्क्रूत घाला आणि आखूड बाजू बोटांत धरा, म्हणजे बेताबाहेर जोर लागत नाही. जास्त आवळल्याने पकड वाढत नाही. तार चेपते आणि स्क्रूचं तोंड गोल होतं.

सॅडलमधून निसटणाऱ्या तारेसाठी मागचा लांब स्क्रू ढिला करून आतला छोटा चौकोनी ठोकळा काढा. गिटार पालथी असताना हे करू नका, ठोकळा घरंगळून जातो आणि सुटा मिळवायला वणवण होते. त्यावर तारेने खड्डा पाडला असेल तर ठोकळा फिरवून कोरी बाजू तारेकडे आणा. तारेचं गोळीचं टोक कापून सरळ, न पिळलेला भाग तळापर्यंत आणि मधोमध बसवा. तार कडेला गेली की ठोकळा तिरका दाबतो, आणि स्वस्त मिश्रधातूचं सॅडल असेल तर तिथेच तडकतं.

प्रश्न : सहाही तारा. खाली दाबल्यावर १५ सेंट उतरलेल्या, बार थोडा वर उचलून सोडला की जवळपास जागेवर. अधूनमधून ‘टक’ असा आवाज येतो. (नौपाडा, ठाणे)

निदान तुम्हीच केलं आहे. फ्लॉइड रोझ ब्रिज शरीरात रोवलेल्या दोन खांबांवर, म्हणजे स्टडवर, आपल्या धारदार कडांनी टेकलेला असतो. सोनाराच्या काट्याची दांडी जशी धारेवर झुलते तसाच. धार बोथट झाली की काटा खोटं वजन सांगतो. इथे ब्रिज दर वेळी वेगळ्या जागी थांबतो. तो ‘टक’ म्हणजे धार स्टडच्या खाचेतल्या खड्ड्यातून उडी मारते त्याचा आवाज.

तरी ब्रिज काढण्याआधी दोन सोप्या गोष्टी पाहा. पहिली, स्टड स्वतः हलतात का. नख स्टडच्या बुडाशी, अर्धं धातूवर अर्धं लाकडावर टेकवा आणि बार चालवा. नखाला हालचाल जाणवली किंवा स्टडच्या पुढे रंगाला बारीक तडा दिसला तर लाकडातली बुशिंग, म्हणजे स्टड ज्यात बसतो ती धातूची नळी, सैल झाली आहे. नऊ-बेचाळीसच्या सहा तारांचा ताण मिळून साधारण ३८ किलो भरतो, दहा-सेहेचाळीसचा ४७ किलोच्या आसपास. शिवाय मागच्या स्प्रिंगाही स्टडना मानेच्याच बाजूला ओढत असतात. हलक्या लाकडात भोक हळूहळू लंबगोल होतं. हालचाल अगदी किंचित असेल तर बुशिंग काढून भोकाच्या भिंतीत पातळ सायनोॲक्रिलेट गोंद मुरवून, पूर्ण सुकवून, बुशिंग पुन्हा ठोकता येते. भोक खरंच मोठं झालं असेल तर कडक लाकडाची खुंटी इपॉक्सीने बसवून नव्याने भोक पाडावं लागतं. हे काम ड्रिल प्रेस असलेल्या कारागिराकडेच द्या. भोक अर्ध्या अंशाने जरी तिरकं गेलं तरी ब्रिज अडकतो.

दुसरी गोष्ट, मागचं झाकण काढून स्प्रिंगा पाहा. स्प्रिंगचा आकडा ब्रिजखालच्या धातूच्या ठोकळ्याच्या, म्हणजे ब्लॉकच्या, भोकात पूर्ण उतरलेला नसेल, किंवा स्प्रिंग पोकळीच्या कडेला घासत असेल, तरी हीच लक्षणं दिसतात. स्प्रिंगा ज्या पंज्याला अडकवलेल्या असतात, त्याचे दोन लाकडी स्क्रू हाताने हलवून बघा.

हे सगळं ठीक असेल तर ब्रिज उतरवा. नट उघडा, सहाही तारा थोड्याथोड्या करून क्रमाने ढिल्या करा. एक तार पूर्ण सोडून मग दुसरी, असं करू नका. तारा निघाल्या की स्प्रिंगा ब्रिजला मागे खेचतात, म्हणून ब्रिजखाली जाडसर कापड आधीच सरकवा. स्प्रिंगा पक्कडीने काढताना डोळ्यांवर चष्मा हवा. ब्रिज हातात आला की धार टॉर्चच्या उजेडात मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठी करून पाहा आणि नख धारेवरून लांबीच्या दिशेने फिरवा. नख जिथे अडकेल तिथे चावा पडला आहे. तसंच स्टडच्या खाचेत.

स्टड झिजले असतील आणि धार शाबूत असेल तर स्टड अर्धा फेरा फिरवून कोरी बाजू धारेकडे आणता येते. उंची किंचित बदलेल, ती दोन्हीकडे सारखी करून घ्या. पण लक्षात ठेवा : तारा ताणलेल्या असताना स्टड फिरवायचा नाही. ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, कमी करण्याच्या घाईत चालू ताणावर स्टड पिळणं हेच धार मरण्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण. फिरणारा स्टड एवढ्या दाबाखाली धारेला कानशीसारखा खरवडतो.

धार गेली असेल तर? ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये किंवा नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात कुणीही टूल-ग्राइंडर ती चकचकीत करून देईल. आमचं मत त्याच्या विरोधात आहे. चांगल्या ब्रिजची धार कठीण केलेल्या पोलादाची असते; घासताना ती तापली तर मऊ पडते. स्वस्त ब्रिज मुळातच मऊ धातूचा असतो, त्याची धार लावली तरी काही आठवड्यांत पुन्हा चेपते. शिवाय दोन्हीकडून सारखं घासलं नाही तर ब्रिज तिरका बसतो. बेसप्लेट (ब्रिजची धार असलेली मुख्य पाटी) किंवा अख्खा ब्रिज बदलणं शेवटी स्वस्त पडतं. घेताना स्टडच्या केंद्रांमधलं अंतर मोजा (मूळ फ्लॉइड रोझमध्ये ते सुमारे ७४ मि.मी. असतं) आणि खालच्या ब्लॉकची उंची पाहा, ३७ मि.मी. सर्वाधिक चालतो, पण पातळ शरीराच्या गिटारांत ३२ लागतो. इबानेझच्या एज मालिकेतले ब्रिज दिसायला सारखे असले तरी ते एकमेकांच्या जागी बसतीलच असं समजू नका.

नवं-जुनं काहीही बसवा, धार टेकते त्या बिंदूवर काडीच्या टोकावर येईल एवढंच व्हॅसलीन लावा. पातळ तेलाचा फवारा मारू नका. तो लाकडात मुरतो आणि धूळ धरून बसतो.

प्रश्न : मुलाला ही गिटार घेतली आणि तारा बदलायला बसलो तर तीन तास गेले. एक तार लावली की आधीच्या सगळ्या बिघडतात. गिटारच सदोष आहे का? (खारघर)

गिटार सदोष नाही. तिचा ब्रिज तराजू आहे. एका बाजूला तारा, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगा. एका तारेचा ताण वाढवला की ब्रिज पुढे झुकतो आणि उरलेल्या पाच उतरतात.

उपाय म्हणजे काम चालू असताना तराजू अडवून ठेवणं. गिटार सुरात असतानाच, म्हणजे जुन्या तारा काढण्याआधी, मागचं झाकण काढा. पोकळीत ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या फटी लाकडाच्या पट्टीने किंवा जुन्या कार्डांच्या गठ्ठ्याने भरा. ब्रिज ना पुढे जाईल ना मागे. मग तारा बदला. तारा नेहमीच्या जाडीच्याच असतील, जुळवून, ताणून झाल्या असतील तर अडसर काढल्यावर ब्रिज दोन-चार सेंटच्या फरकाने जागेवर राहतो. तो फरक फाइन ट्यूनरने काढा.

अडसर न वापरता करायचं असेल तर एका वेळी एकच तार बदला, ती सुरात आणा, मगच पुढची.

अडसर काढल्यावर ब्रिज पुढे झुकून उभा राहिला तर तारांचा ताण जास्त होतोय : मागच्या पंज्याचे दोन्ही स्क्रू पाव-पाव फेरा आवळा, पुन्हा जुळवा, पाहा. मागे बसला तर पाव-पाव फेरा ढिले करा. एकदम दोन फेरे फिरवू नका, मग जुळवणीला अंत राहत नाही. ब्रिजची बेसप्लेट गिटारच्या पृष्ठभागाला समांतर आली की थांबा. नऊ-बेचाळीसला तीन स्प्रिंगा बहुधा पुरतात. मुलगा नवशिका असेल तर आमचा सल्ला असा : पहिलं वर्ष ब्लॉकच्या मानेकडच्या, म्हणजे स्प्रिंगांकडच्या, बाजूचा लाकडी अडसर कायम ठेवा. बार फक्त खाली दबेल, वर जाणार नाही, पण मुलाचा वेळ जुळवण्यात न जाता वाजवण्यात जाईल.

प्रश्न : ऑर्केस्ट्रात वाजवतो. काळी एकमध्ये बसवलेलं गाणं गायिका ऐनवेळी पांढरी एकमध्ये मागते. मी गिटार अर्धा सूर उतरवली तर ब्रिज मागे जाऊन बसतो, तारा फ्रेटवर खडखडतात. (ऐरोली)

ते होणारच. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. अर्धा सूर उतरवला की ताण सुमारे ११ टक्के कमी होतो, म्हणजे नऊ-बेचाळीसच्या संचावर चार किलोहून थोडा अधिक. स्प्रिंगा मात्र तेवढ्याच जोराने ओढत राहतात.

सगळेच कार्यक्रम अर्धा सूर खाली असतील तर साडेनऊ-चव्वेचाळीसचा संच चढवा; अर्धा सूर उतरवून त्याचा ताण जवळजवळ नऊ-बेचाळीसच्या मूळ ताणाएवढाच येतो, पंज्याला फारसा हात लावावा लागत नाही. मात्र इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागतो का ते, पुन्हा तपासावं लागेल. सॅडलचा स्क्रू ढिला करताना तारेचा ताण काढलेला असू द्या, नाहीतर सॅडल टुणकन पुढे उडतं.

पण एकाच कार्यक्रमात गाण्याच्या दोन पट्ट्या असतील, तर गडकरी रंगायतनच्या विंगेत उभं राहून तरंगता ब्रिज उतरवण्याचा नाद सोडा. पडदा उघडेपर्यंत जमणार नाही. तीन मार्ग आहेत. कायम अर्धा सूर खाली लावून वरच्या पट्टीला पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा), पण कॅपो असताना बारला हात नाही. पिच शिफ्ट करणारं पेडल. साथीच्या कॉर्डना चालतं, एकट्या पडणाऱ्या सोलोत कृत्रिमपणा कानाला लागतो. किंवा साधा, न तरंगणारा ब्रिज असलेली दुसरी गिटार. ऑर्केस्ट्रा हे पोटापाण्याचं काम असेल तर आम्ही तिसरा सांगू.

सगळ्यांत जाड तार तेवढी दोन अर्धे सूर उतरवून ‘ड्रॉप डी’ करायची असेल तर त्यासाठी त्या तारेच्या सॅडलमागच्या लांब स्क्रूवर बसणारा डी-ट्यूना नावाचा खटका मिळतो. ब्रिज तरंगता असेल तर त्याचा उपयोग नाही, बाकी पाच तारा चढतात. ब्रिज मागे टेकलेला हवा.

प्रश्न : जून ते सप्टेंबर रोज सकाळी सगळ्या तारा सरकलेल्या असतात. बार वापरतसुद्धा नाही. घर खाडीजवळ आहे. (नेरूळ)

हा दोष ब्रिजमध्ये शोधू नका. पावसाळ्यात लाकूड दमट हवा पितं, रात्री एसी लावला की सोडतं. मान थोडी पुढे झुकली की तारा सैल पडतात आणि स्प्रिंगा ब्रिज मागे ओढतात. मान सरळ झाली की उलट. साध्या गिटारमध्ये हा फरक तेवढ्यावर राहतो. तरंगता ब्रिज सोबत स्वतःही हलतो, म्हणून ॲक्शनही बदलल्यासारखी वाटते.

तपासायचं असेल तर जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि मान जिथे शरीराला मिळते त्या फ्रेटवर दाबून धरा. मधे, सातव्या-आठव्या फ्रेटवर, तार आणि फ्रेट यांत साधारण ०.२ ते ०.२५ मि.मी. फट असावी. एखाद्या सकाळी ती कमी-जास्त दिसली म्हणून लगेच ट्रस रॉड (मानेचा बाक बदलणारी आतली सळई) पिळू नका. आठवडाभर एकाच वेळी मोजा, फरक कायम राहिला तर पाव फेऱ्याहून कमी फिरवा आणि एक रात्र थांबा.

गिटार भिंतीवर टांगण्याऐवजी बंद केसमध्ये ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलला की तापवून किंवा बदलून. ज्या खोलीत एसी रोज चालू-बंद होतो तिथे केस उघडी नको. कार्यक्रमाला वाशी किंवा ठाण्याच्या नाट्यगृहात पोहोचल्यावर गिटार लगेच जुळवू नका. केस उघडून वीस-तीस मिनिटं ठेवा, मग जुळवा. प्रकाशझोतांत तारा तापून थोड्या उतरतात, म्हणून शेवटची जुळवणी रंगमंचावरच.

खाडीच्या खाऱ्या हवेचा खरा त्रास वेगळाच. धारेवर आणि स्टडच्या खाचेत गंज चढतो, तो डोळ्यांना दिसत नाही आणि पुढच्या वर्षी तुमचं पत्र नौपाड्याच्या वाचकासारखं येतं. वाजवून झाल्यावर ब्रिज कोरड्या कापडाने पुसा, घामाचा हात जिथे टेकतो तिथे आवर्जून. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर व्हॅसलीनचा तो ठिपका पुन्हा द्या.

प्रश्न : एक तार बोटाने आडवी ओढून बेंड केली की बाकीच्या उतरतात. काय बिघडलं? (कळवा)

काहीच नाही. तराजूचा स्वभाव आहे. बेंडसोबत दुसरी तार धरायची असेल तर तीही थोडी ताणून सावरावी लागते. चौथी-पाचवी स्प्रिंग घालून पंजा तेवढाच ढिला केला तर फरक किंचित कमी होतो, पण बार जड लागतो.

प्रश्न : तळहात ब्रिजवर टेकवून म्यूट केलं की सूर चढतो. (घोडबंदर रोड)

तळहात मागच्या कडेवर पडतोय, फाइन ट्यूनरांच्या रांगेवर. तिथे दाबलं की ब्रिज मागे कलतो आणि सगळ्या तारा ताणल्या जातात. हात अर्धा इंच पुढे, सॅडलच्या तोंडाशी आणा आणि वजन न टाकता नुसता टेकवा.

प्रश्न : फाइन ट्यूनर पूर्ण आत गेला, तार अजून खालीच. (बेलापूर)

नट उघडायला पर्याय नाही. फाइन ट्यूनर अर्ध्यावर आणा, त्या पट्टीचा स्क्रू ढिला करा, कीवर सूर लावा, आवळा. दर आठवड्याला असं होत असेल तर ती तार कुठेतरी निसटते आहे. पहिल्या उत्तरातली मार्करची चाचणी करा. फ्लॉइड रोझच्या अगदी सुरुवातीच्या ब्रिजवर (त्याचं पेटंट १९७९चं) फाइन ट्यूनर नव्हतेच. नट आवळताना सूर हलला की प्रत्येक वेळी पुन्हा उघडणं आलं, आणि त्या कटकटीतूनच ते जोडले गेले. तेव्हा त्यांच्याकडून सेंटांचं काम घ्या, सुरांचं नको.

प्रश्न : नटच्या एका स्क्रूचं तोंड गोल झालं आहे, ॲलन की नुसती फिरते. (डोंबिवली)

आधी हातातली की तपासा. इंची मापाच्या संचातली ७/६४ची की ३ मि.मी.च्या स्क्रूत आरामात जाते आणि ‘बसली’ असं वाटतं, पण ती २.७८ मि.मी.ची असते. बहुतेक तोंडं तीच गोल करते. ती वेगळी काढून ठेवा.

अडकलेला स्क्रू काढायला त्याच संचातली १/८ची की घ्या. ती ३.१७ मि.मी. असल्याने कोऱ्या तोंडात जात नाही, पण गोल झालेल्या तोंडात छोट्या हातोडीने हलके ठोकून घट्ट बसते. ठोकण्याआधी सगळ्या तारा ढिल्या करा आणि मानेखाली नटच्या बरोबर खाली घडी घातलेला टॉवेल द्या. सरळ दाब ठेवून सावकाश फिरवा. निघालेला स्क्रू परत लावू नका. सोबतचे दोन्हीही त्याच वेळी बदला, त्यांनीही तीच की सोसलेली असते.